रात्री पिल्लू झोपू देत नाही, काय करावं?

चिंगीची ताई: नमस्कार मंडळी. पार्किंगमध्ये एकटंच ओरडत बसलेलं मांजरीचं पिल्लू घरी आणलंय. डॉक्टर म्हणाले, दोनेक महिन्यांचं असेल. नाव चिंगी. खाणं-पिणं उत्तम, शीसाठी रेतीच्या ट्रेमध्येच जाते. प्रश्न रात्रीचा आहे. दिवे मालवले की हिच्या अंगात वारं शिरतं. पडद्यावरून सरसर वर, तिथून धप्पकन सोफ्यावर, आणि पांघरुणात कुणाचा पाय हलला की कचकन चावा! सासूबाईंच्या पायावर ओरखडे उठलेत. त्यांना मधुमेह आहे, म्हणून जास्त काळजी वाटते. दुपारी त्या वाती वळायला बसल्या की ही कापसावर झडप घालते. तरी ‘सोडून ये’ असं त्या चुकूनही म्हणत नाहीत, उलट दूध-पोळी कालवून ठेवतात. हाताने खेळवावं तर आणखी चेकाळते. हिला शांत कसं करू?

घाटपांडे काका: ताई, खेळाचं नंतर. आधी सासूबाईंना आजच डॉक्टरांकडे न्या. पिल्लू रस्त्यावरचं, लस न झालेलं. नुसता ओरखडा असला, रक्त आलं नसलं, तरी रेबीजच्या लशीबद्दल विचारायलाच हवं. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. हळद-चुना काही लावू नका. चिंगीला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर देतात. मांजरांच्या इतर आजारांवरची लस आणि जंताचं औषध त्याआधीच सुरू होतं, तारखा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

माऊवेडी: काकांशी शंभर टक्के सहमत. आता रात्रीचं सांगते. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत जास्त सळसळतं, कारण ती त्याची शिकारीची वेळ. दिवसभर झोपून साठलेला जोर तुमच्या पायांवर निघतो. तो आधीच खर्ची पडू द्या. लांब काठीला जुन्या ओढणीची पट्टी बांधा आणि जमिनीवरून फरफटवा. मध्येच थांबा, सोफ्याआड लपवा, पुन्हा पळवा. तिला ती पकडूही द्यायची बरं का, नाहीतर ती वैतागते. दमून आडवी पडली की लगेच जेवण. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप, हा क्रम तिच्या रक्तातच आहे.

हाताने अजिबात खेळवू नका. चावली तर हात झटकू नका, झटकलेला हात तिला पळणाऱ्या उंदरासारखाच वाटतो. हात तसाच स्थिर ठेवा, सुटला की उठून दुसऱ्या खोलीत जा. घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं.

आणि वाती, दोरे, लोकर, काठीची ती पट्टी, सगळं खेळ झाला की डब्यात बंद. मांजरीच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, तोंडात गेलेला दोरा तिला थुंकता येत नाही. तो आतड्यात अडकला तर थेट ऑपरेशन. दोरा तोंडातून किंवा शीच्या जागेतून लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तसंच दवाखान्यात न्यायचं. हे मी कळकळीने सांगतेय.

दूध बंद करा, गाईचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात. उकडलेलं बिनमिठाचं चिकन चालेल, पण त्यात कांदा-लसूण नको. मुख्य खाणं मात्र पिल्लांसाठीचंच द्या.

सहावा मजला: बाल्कनीला जाळी आहे का? नसेल तर आधी ती बसवा. कबुतर दिसलं की मांजर उंची बघत नाही. आणि लादी फिनेलने पुसत असाल तर थांबवा. पंजे चाटताना ते पोटात जातं आणि मांजराच्या शरीराला ते बाहेर टाकता येत नाही.

चिंगीची ताई: सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना संध्याकाळीच नेते. फिनेलची बाटली बाहेर काढली, जाळीवाल्याला फोन केला. आम्ही साडेदहाला झोपतो, मग खेळ किती वाजता घेऊ?

माऊवेडी: पावणेदहाला सुरू करा, दहा-पंधरा मिनिटं पुरे. मग जेवण. पहाटे ओरडली तर उठून खायला देऊ नका, एकदा दिलंत की रोज त्याच वेळी उठवेल.