नळीच्या तोंडाला अंगठा लावला की धार लांब जाते, पण बादली उशिरा भरते. असं का?

प्रश्न (सिव्हिल, दुसरं वर्ष):
गच्चीवरच्या टाकीतून २० मीटरची अर्धा इंची नळी अंगणात आणलीय. टाकीतल्या पाण्यापासून नळीच्या तोंडापर्यंत उंची ६ मीटर. तोंड मोकळं असलं की पाणी पायाशीच पडतं, अंगठा दाबला की कुंपणाजवळच्या जास्वंदीपर्यंत जातं. वर्गात सांगितलं, क्षेत्रफळ गुणिले वेग कायम. म्हणून १५ लिटरची बादली लावून पाहिली. मोकळ्या नळीने ८० सेकंद, अंगठा लावून १४०! मग कायम काय राहिलं? आणि वेग वाढला की दाब कमी होतो म्हणतात, पण अंगठ्याला तर चांगलाच दाब जाणवतो.

उत्तर १:
कंटिन्युइटी, म्हणजे तुझा 'क्षेत्रफळ गुणिले वेग कायम' हा नियम, एकाच वेळी नळीतल्या दोन जागांना लावायची. अंगठा लावण्यापूर्वीचा आणि लावल्यानंतरचा प्रवाह सारखाच असेल, असं ती म्हणत नाही.

उत्तर २ (पाणीपुरवठ्यात २२ वर्षं):
बादली लावून पाहिलीस हे फार छान केलंस. तुझेच आकडे घेऊ. मोकळ्या नळीत वेग सेकंदाला साधारण दीड मीटर. एवढ्या वेगाला लागणारं हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेली ऊर्जा) तुझ्या ६ मीटरपैकी जेमतेम १२ सेंटिमीटर. बाकीचे पावणेसहा मीटर कुठे गेले? नळीच्या घर्षणात.

अंगठा लावलास, प्रवाह ५७ टक्क्यांवर आला. घर्षण जवळजवळ वेगाच्या वर्गाने बदलतं, म्हणजे ते एक तृतीयांशावर, २ मीटरच्या आसपास. उरलेले ४ मीटर अंगठ्यामागे दाब म्हणून उभे राहतात. तोच दाब तुला जाणवतो. फटीतून बाहेर पडताना त्याचा वेग होतो, सेकंदाला ९ मीटरच्या जवळपास, आणि बाहेरच्या धारेत दाब फक्त हवेचा. बर्नोली, म्हणजे 'वेग वाढला की दाब कमी' हा नियम, कुठेच चुकला नाही, फक्त घर्षण सोडून त्याला लावू नकोस.

गावच्या योजनेत रोज हेच दिसतं. सकाळी सगळे नळ एकदम सुटले की शेवटच्या आळीत थेंब थेंब येतं, रात्री तिथेच जोरात पाणी. टाकी तीच, उंची तीच; सकाळी पाइपातून प्रवाह जास्त, म्हणून घर्षणही जास्त. लोक टाकी उंच करा म्हणतात, दुखणं मात्र बारीक पाइपचं असतं.

प्रश्नकर्ती:
म्हणजे लांब नळीच नसेल तर अंगठ्याने वेग वाढणार नाही?

उत्तर २:
बरोबर. भरलेल्या पिंपाला बुडाशी भोक असेल तर ते अर्धं झाकून बघ. धार बारीक होईल, लांब जाणार नाही.