जर्मनीला जाताना सामानात काय घ्यावे?

प्रश्न : आम्ही उभयता साताऱ्याहून मुलीकडे म्युनिकला निघालो आहोत, तिच्यासाठी घेतलेले कंदी पेढे, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि पॉवर बँक कोणत्या बॅगेत ठेवावी, हे कृपया सांगावे.

उत्तर १ : काका, पेढे नेऊ नयेत, कारण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणण्यास तेथे मनाई आहे, घरचे तूपही त्यातच येते. लेकीसाठी शेंगदाण्याची चटणी न्यावी.

उत्तर २ : गोळ्या मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेतच ठेवाव्यात, म्हणजे मोठी बॅग उशिरा आली तरी डोस चुकणार नाही, आणि माझ्या मते हेच सर्वांत महत्त्वाचे. पॉवर बँकही तेथेच; १०० वॅट-तासांपर्यंतची (म्हणजे त्यात साठणाऱ्या विजेचे माप, Wh) चालते.

उत्तर ३ : शेंगेन व्हिसासाठी (जर्मनीसह युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसासाठी) काढलेल्या किमान ३०,००० युरोंच्या विम्याची प्रतही जवळ असावी.