व्हॉट्सॲप ग्रुपवरून सुटका: स्लॅक, गूगल चॅट की झुलिप?

भोसरी_युनिट: सीएनसी मशीनिंगचं (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी धातूचे भाग कापण्याचं) युनिट आहे. ३८ माणसं, १४ डेस्कवर, बाकीची शॉप फ्लोअरवर, त्यांच्याकडे फक्त मोबाईल. डेस्कवाल्यांचा ईमेल गूगल वर्कस्पेसवर (बिझनेस स्टार्टर). ड्रॉइंगची रिव्हिजन (सुधारलेली आवृत्ती), डिस्पॅच, रजा, सगळं व्हॉट्सॲपच्या एकाच ग्रुपवर चालतं. जुन्या ड्रॉइंगवर जॉब (ऑर्डरचा भाग) कापला जाणं वाढलंय. स्लॅक या ऑफिसच्या चॅट ॲपचं फुकट व्हर्जन पुरेल का?

जुना_ॲडमिन: नाही पुरणार. फुकट स्लॅकमध्ये मागचे ९० दिवसच दिसतात आणि वर्षापेक्षा जुनं कायमचं पुसलं जातं. रिपीट ऑर्डर आठ महिन्यांनी आली की 'मागच्या वेळी टॉलरन्सबद्दल (मापात किती फरक चालेल याबद्दल) काय ठरलं होतं' हे शोधायला काहीच हाती लागणार नाही. पैसे भरायचे तर माणशी, दर महिन्याला.

गूगल चॅट तुमच्या वर्कस्पेसमध्ये आधीच आहे, त्याच्यापासून सुरुवात करा. दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. ॲडमिन कन्सोलमधून (वर्कस्पेसच्या सेटिंगच्या पानावरून) चॅटची हिस्टरी सगळ्यांना सक्तीने चालू ठेवा. ती बंद असली तर संदेश २४ तासांत जातात. दुसरं, ज्या स्पेसमध्ये (गूगल चॅटमधल्या ग्रुपमध्ये) ग्राहक किंवा व्हेंडर लागणार आहे, ती तयार करतानाच बाहेरच्यांना परवानगी द्या, हे नंतर बदलता येत नाही. तुमच्या प्लॅनमध्ये ही सोय आहे का, ते आधी पाहा. फ्लोअरवरच्या २४ जणांना स्वतंत्र खाती घेऊ नका. शिफ्ट सुपरवायझरना द्या आणि प्रत्येक सेलवर (मशीनच्या गटापाशी) एक टॅब्लेट ठेवा. मात्र टॅब्लेटवरून लिहिताना नाव टाकायची शिस्त हवी, नाहीतर कोणी काय कळवलं ते समजणार नाही.

लिनक्सवाला: गूगल चॅट आणि स्लॅक दोन्हीकडे एकाच चॅनेलमध्ये (म्हणजे एका ग्रुपमध्ये) दहा जॉबची चर्चा मिसळते. तुमचं खरं दुखणं तेच आहे. झुलिप या चॅट ॲपमध्ये चॅनेलमधल्या प्रत्येक संदेशाला विषय असतो: चॅनेल म्हणजे ग्राहक, विषय म्हणजे 'जॉब २४१७'. वर्षाने उघडलं तरी त्या जॉबचं सगळं एका जागी. मुक्त स्रोत आहे, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर टाकता येतं. १०० पेक्षा कमी माणसांना २ जीबी रॅमचा उबुंटू (लिनक्स) सर्व्हर चालतो. पण स्वतःच्या सर्व्हरवर मोबाईल नोटिफिकेशन १० वापरकर्त्यांपर्यंतच फुकट आहे, तो खर्च धरा. आणि बॅकअप त्याच मशीनवर ठेवलात तर डिस्क गेली की दोन्ही गेलं. सर्व्हर सांभाळणारा माणूस नसेल तर या वाटेला जाऊ नका.

क्वालिटी_डेस्क: चुकीची रिव्हिजन ॲप बदलून थांबणार नाही. पीडीएफ चॅटमध्ये टाकणंच बंद करा, कारण प्रत्येक वेळी नवी प्रत तयार होते आणि जुनी कुणाच्या तरी फोनमध्ये राहतेच. गूगल ड्राइव्हमध्ये फाइल एकच ठेवा, नवी रिव्हिजन 'मॅनेज व्हर्जन्स'मधून चढवा. लिंक तीच राहते, उघडणाऱ्याला नवीनच दिसतं. जुनी व्हर्जन ३० दिवसांनी पुसली जाऊ शकतात, म्हणून हवी असलेली 'कीप फॉरएव्हर' करा.

आणखी एक: शाओमी, विवो, ओप्पोच्या फोनमध्ये ॲप मागे गेलं की नोटिफिकेशन थांबतात आणि माणसं म्हणतात, ॲप खराब आहे. ऑटोस्टार्ट चालू करा, बॅटरीचं बंधन काढा. प्रत्येक फोन हातात घेऊन हे करून द्यावं लागतं.

भोसरी_युनिट: मग गूगल चॅटच, ड्राइव्हच्या लिंकसकट. व्हॉट्सॲपवरच्या जुन्या संदेशांचं काय?

जुना_ॲडमिन: 'एक्स्पोर्ट चॅट' करा. मीडियाशिवाय ४०,००० संदेश निघतात, मीडियासकट १०,०००. ज्याच्या फोनमधून फोटो डिलीट झालेत त्याच्या एक्स्पोर्टमध्ये ते येणार नाहीत, म्हणून सगळ्यात जुन्या सभासदाचा फोन वापरा. टेक्स्ट फाइल ड्राइव्हवर ठेवा, शोधता येते. ग्रुप लगेच मोडू नका. फक्त ॲडमिनना लिहिता येईल असं सेटिंग करा आणि नव्या स्पेसची लिंक वर पिन करा.