ऑनलाइन शाळेचे दिवस : तुमच्या घरात काय घडलं?

खाडीकाठ

परवा शाळेतलं जुनं कपाट आवरायला काढलं आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात, वाळवीतून कशीबशी वाचलेली एक शंभरपानी वही हाती लागली. जून २०२० ची.

आमची जिल्हा परिषदेची शाळा, रायगडात, खाडीच्या काठाला. पट २३, पहिली ते चौथी, आम्ही दोघी शिक्षिका. वहीत मी रकाने आखले होते: मुलाचं नाव, फोन कुणाचा, साधा की मोठा, घरी कधी असतो. तो शेवटचा रकाना वाचत खाली बसले ती अर्धा तास उठले नाही. 'वडील, रात्री ८ नंतर.' 'मामाचा. मामा मुंबईला.' 'आई कामावर नेते.' 'रिचार्ज नाही.' 'शेजारचा, पण आता बोलत नाहीत.' तेवीस घरांत मोठे फोन ९, आणि त्यातले दिवसा घरात असणारे २.

३ जूनला निसर्ग वादळ येऊन गेलेलं. शाळेचे निम्मे पत्रे शेजारच्या नारळाच्या वाडीत जाऊन पडले होते आणि वीज यायला महिना उलटला. त्यात रोज सकाळी 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू'च्या लिंका यायच्या. रेंजसाठी टेकाडावर चढून मी त्या पुढे पाठवायचे, पलीकडे उघडणारं कुणी नाही. ऑगस्टपासून पायीच फिरायला लागले. कुणाच्या ओटीवर पाच मुलं, समाजमंदिरात पाच. पोषण आहाराचा तांदूळ, हरभरा, डाळ पालकांच्या हातात द्यायचो तेव्हा पिशवीत स्वाध्यायाचा कागदही सरकवायचो. तांदळाबरोबर गेलेला कागद सोडवून परत यायचा. फोनवर गेलेला कधीच आला नाही.

१ डिसेंबर २०२१ ला छोटी मुलं शाळेत आली. दुसरीचा वर्ग त्या दिवशी पहिल्यांदाच शाळेत बसत होता. अंगणवाडी आमच्याकडे खालच्या आळीत, त्यामुळे ही इमारतही त्यांना नवी. लहान सुट्टीची घंटा झाली. तिसरी-चौथीची पळाली, दुसरीची सहाही जागच्या जागी. एकाने हळूच विचारलं, "बाई, काय वाजलं?"

हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुमच्याही घरात, वर्गात काहीतरी घडलं असेल. लिहा. लहानसं असलं तरी लिहा.

जास्वंद

ताई, "काय वाजलं" वाचून पोटात कालवलं. डबे भरता भरता लिहितेय, चुका पोटात घाला.

पुणे, एक बेडरूमचं घर, माणसं पाच. नवऱ्याचं ऑफिस बेडरूममध्ये, मोठीची सातवी हॉलमध्ये, धाकट्याची पहिली स्वयंपाकघरात ओट्याखाली. फोन उभा करायला पोळपाट आडवा ठेवून त्याला कपडे वाळवायचे चिमटे लावले होते. दुपारपर्यंत पोळ्या करता यायच्या नाहीत, कारण पोळपाट शाळेत.

धाकटा शिकायचा वगैरे काही नाही. स्क्रीनवर फक्त त्याच्या बालवाडीतल्या मित्राचा चौकोन शोधायचा. मित्र पुढच्या पानावर गेला की रडारड. एकदा बाई म्हणाल्या, सगळ्यांनी आवाज बंद करा. याने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला आणि पूर्ण तासभर तसाच बसला. मी पाहिलं तेव्हा गालावर बोटांचे वळ उठलेले.

नाना_सातारकर

आमच्या नातवाच्या तासाला मी रोज शेजारी बसायचो. चौथीची गणितं परत शिकलो. बाईंनी प्रश्न विचारला की मीच आधी हात वर करायचो. बाई म्हणायच्या, "आजोबा, मुलांना बोलू द्या." फार गोड होत्या बाई.

ठाण्याची_मी

पोळपाट आमच्याकडे पण!! आमच्याकडे चिमटे नव्हते, लाटणं मागे टेकवायचो.

भूगोल_बाकी

मी २०२० ची दहावी. सगळे पेपर झाले, भूगोल राहिला. २३ मार्चला होता. आधी पुढे ढकलला, मग एप्रिलमध्ये रद्दच झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीने गुण दिले. लोकांना आनंद झाला असेल. माझा सगळ्यात आवडता विषय तोच होता. नकाशे भरून भरून पेन्सिलीचा अर्धा डबा संपवला होता. ब्राझीलचा नकाशा आजही डोळे मिटून काढू शकतो.

अकरावी पूर्ण घरात, बारावीही बरीचशी. शास्त्र शाखा. ब्युरेट पहिल्यांदा हातात घेतली ती प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात. सर म्हणाले, "तोटी हळू फिरव." मला तोटी कुठे असते तेच माहीत नव्हतं. मार्च २०२२ ला लेखी परीक्षा वर्गात बसून झाली, अर्धा तास जास्त दिला होता, तरी शेवटची दोन पानं हात चालेना. दोन वर्षं बोटं फक्त स्क्रीनवर फिरलेली. अंगठ्याच्या मुळाशी गोळा आला होता.

पेढा_नाही

भूगोलवाल्या दादा, तुझा एक पेपर राहिला, आमचा एकही झाला नाही. २०२१ ची दहावी. नववीचे अर्धे गुण आणि दहावीतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे अर्धे. मला नववीत टायफॉइड झाला होता, पहिल्या सत्राची परीक्षा अर्धी बुडालेली. कुणाला वाटलं होतं नववी दहावीत मोजतील म्हणून!

निकालाच्या दिवशी (१६ जुलै) बाबांनी पेढे आणले. ९९.९५ टक्के निकाल होता. खालच्या मजल्यावरचे काका पेढा घेता घेता म्हणाले, "तुमचं बरंय, न शिकता पास." बाबांनी उरलेला पुडा कपाटावर ठेवून दिला, पुढे कुणालाच दिला नाही. मी वर्षभर रोज पाचला उठून अभ्यास केलेला त्यांनी पाहिला होता. नंतर सीए फाउंडेशन पहिल्या झटक्यात सुटली, पण तो पुडा अजून आठवतो.

जास्वंद

@पेढा_नाही, आमच्याकडून आज पेढा घे गं बाळा. खरंच.

वाळवंटी_बीड

बीड जिल्हा, शिक्षक, उच्च प्राथमिक. फार लिहिता येत नाही मला.

दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुलं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवा म्हणून आम्ही दारोदार फिरतो. "शाळा बुडेल" हा एकच धाक आमच्या हातात असतो. त्या वर्षी आईबाप म्हणाले, "गुरुजी, शाळा हाय कुठं बुडायला?" मला उत्तर देता आलं नाही. सगळी गेली. ट्रॅक्टरच्या मागं भांड्यांच्या वर बसून गेली.

२७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले. हजेरी घेतली. ३४ पैकी ११ "हजर" ऐकू आले. बाकीची कारखान्यावर. एकीचं नाव घेतलं तर पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. लग्न लागलं होतं. आठवीतली पोर. तिच्या निबंधाच्या वहीतलं अक्षर एवढं सुंदर की मी बाकीच्यांना दाखवायचो. पटावरून तिचं नाव मी त्या वर्षी काढलं नाही.

नाना_सातारकर

गुरुजी, काय बोलावं.

खाडीकाठ

गुरुजी, "शाळा हाय कुठं बुडायला" हे आमच्या वाडीत वेगळ्या शब्दांत ऐकलंय. आमच्याकडची मुलं वीटभट्टीवर गेली होती. दोन परत आलीच नाहीत.

स्टॉकहोमहून

आमचं सगळं उलट. स्वीडनमध्ये नववीपर्यंतच्या शाळा बंद झाल्याच नाहीत. थोरला पुढच्या शाळेत होता, त्याचं मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत घरून, पण धाकटी दुसरीतली, ती रोज शाळेत. मुखपट्टी नाही काही नाही. नाक वाहत असेल तर घरी ठेवा, एवढीच सूचना.

रोज रात्री कराडहून आईचा फोन. "पोरीला धाडलीस? अगं जग घरात बसलंय आणि तू पोरीला धाडतेस?" सकाळी तिचा हात धरून शाळेकडे चालताना पाय जड व्हायचे. फाटकाशी हात सोडायची वेळ आली की मनात एकच यायचं, आपण चुकत तर नाही ना. ती मात्र उड्या मारत जायची. आता पुतण्या नि ती एकाच वयाची, तो त्या दोन वर्षांबद्दल काही बोलतच नाही आणि हिला वेगळं काही आठवतच नाही. माझी भीती तिच्यापर्यंत पोचली नाही, याचं समाधान आहे. पण तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी तिला घरीच ठेवली असती.

ठाण्याची_मी

बाप रे, रोज सोडायचं म्हणजे काळीज पाहिजे. माझ्याने झालं नसतं.

सड्यावरचो

सत्तरी, गोवा. आमच्या वाड्यावर रेंज नाही, आजही नीट नाही. वर सड्यावर एका ठिकाणी दोन काड्या यायच्या. जूनमधला पाऊस, एका छत्रीत मी, पुतणी आणि फोन. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत, कानाला वायर. खिशात मिठाची पुडी, कारण जळवा. पुतणी इंग्रजीची कविता म्हणतेय आणि मी तिच्या पोटरीवरून जळू काढतोय, असं रोज चालायचं. तिच्या बाईंना कळलं तेव्हा त्यांनी सांगितलं, हिने तासाला नाही आलं तरी चालेल, मी रात्री फोनवर शिकवीन. आणि शिकवलं, पूर्ण वर्ष. लँडलाइनवर.

अश्विनी_नक्षत्र

थोडं वेगळं लिहिते, रागावू नका.

माझ्या मुलीला स्नायूंचा आजार आहे, चाकाच्या खुर्चीवर असते. तिचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वर्ग खाली आणा म्हणून आम्ही किती वेळा विनंती केली, "बघू" यापुढे उत्तर नाही. बाबा खांद्यावर घेऊन चढवायचे. स्वच्छतागृहाला जावं लागू नये म्हणून ती सकाळपासून पाणी प्यायची नाही.

ऑनलाइन आलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने वर्षभर एकही तास बुडवला नाही. वक्तृत्वात भाग घेतला. भरपूर पाणी प्यायली. सगळे चौकोन सारखेच, हिचाही तेवढाच. ४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा उघडल्या तेव्हा गटावर सगळे फुलांचे फोटो टाकत होते आणि माझी लेक उशीत तोंड घालून रडत होती. "आई, परत जिने?"

शाळा उघडायलाच हव्या होत्या, हे मलाही कळतं. पण ती जशी उघडली तशी आमच्यासाठी नव्हती.

खाडीकाठ

रागावू कशाला? हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी आमच्या इमारतीच्या तीन पायऱ्यांकडे कधी या नजरेने पाहिलंच नव्हतं. उद्या उतारासाठी अर्ज करते. लेक आता काय करते?

अश्विनी_नक्षत्र

बी.ए. मानसशास्त्र. कॉलेज तळमजल्यावर मिळालं :) तेच बघून प्रवेश घेतला.

सोलापुरी_चादर

आमच्या सोलापुरात नीलमनगरला शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले होते. कामगारांची वस्ती, फोन कुठून आणणार. पाढे, व्याकरण, इंग्रजी शब्द, सगळं गल्लीत. मी दूध टाकायला जायचो तिकडं. एक आजी नातवाला ओरडत होती, "त्या कोपऱ्यावरचा पाढा म्हणून ये, मग चहा."

ठाण्याची_मी

किती छान! सह्याद्रीवर टिलीमिली कोणाकडे लागायचं? जुलै २०२० पासून. माझी मुलं मोठी होती, पण आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींच्या मुलीला मी टीव्हीसमोर बसवायचे. दार उघडं, ती दारात, आम्ही आत. तेव्हाच्या अंतराचे नियम! आठवलं की जिवाला लागतं, आत का नाही बसवलं तिला.

फळा_खडू

नाव नको. शहरातली शाळा, सहावीची वर्गशिक्षिका.

जून २०२१, दुसरी लाट नुकती ओसरलेली. पहिल्या दिवशी हजेरी घेत होते. बहुतेक मुलं पालकांच्या फोनवरून यायची, त्यामुळे चौकोनाखाली पालकांचं नाव दिसायचं. एका चौकोनाखाली एका वडिलांचं नाव. ते मे महिन्यात गेल्याचं मला माहीत होतं, त्यांच्या आईचा फोन आला होता. कॅमेरा बंद. मी मुलाचं नाव घेतलं. "हजर बाई."

नाव बदलायला दोन बटणं पुरतात. पण त्याला सांगणार कसं? मी काही बोलले नाही. मुलंही नाहीत. रोज सकाळी नऊ वाजता ते नाव स्क्रीनवर यायचं आणि मी पोराला हाक मारायचे. असं सहा महिने. डिसेंबरात तो शाळेत आला, मुखपट्टीवरचे डोळे बघून ओळखलं. केवढा उंच झाला होता. मी सगळ्यांसाठी म्हणून हजेरी घेतली, खरं तर त्याच्यासाठीच. त्याने बाकावर उभं राहून "हजर" म्हटलं आणि मला पुढचं नाव लवकर वाचता येईना.

वाळवंटी_बीड

बाई, नमस्कार घ्या.

जास्वंद

कुकर झाला, गॅस बंद केला आणि इथेच बसलेय.

भूगोल_बाकी

माझी मावशी शिक्षिका होती. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या सर्वेक्षणाला घरोघरी जायची, दुपारी येऊन अंघोळ करून तास घ्यायची. तिच्या पायाला फोड आलेले. त्या काळात शिक्षक घरी बसून पगार घेतात असं कुणी म्हटलं की आजी भांडायला उठायची.

रमा_नागपूर

उशिरा आले, वर सगळं वाचलं नाही अजून. @जास्वंद पोळपाट कुठला ग तुमचा? माझा लगेच घसरायचा, फोन दोनदा पडला.

जास्वंद

सागवानी, सासूबाईंचा, खाली तीन पाय. जड आहे म्हणून टिकला. चिमटे मात्र दोरीवरचे लाकडी हवेत, प्लॅस्टिकचे निसटतात. आता परत पोळ्या लाटते त्यावर. एका कडेला धाकट्याने पेनने त्या मित्राचं नाव कोरलंय, घासून घासून जात नाही.

नाना_सातारकर

@सड्यावरचो, जळवांना मिठापेक्षा तंबाखू-चुना बरा. चिंधीत बांधून घोट्याला चोळायचा. आणि त्या लँडलाइनवाल्या बाई कुठल्या गावच्या? मला त्यांना पत्र लिहायचंय.

सड्यावरचो

नाना, त्या आता निवृत्त झाल्या. नाव-पत्ता इथे नको, तुम्ही पत्र माझ्याकडे धाडा, मी नेऊन देतो. पुतणीही येईल बरोबर.