ई. कोलायमधलं प्रोइन्सुलिन गोळ्यांत अडकतंय

प्रश्न: ई. कोलाय जिवाणूत प्रोइन्सुलिन (इन्सुलिनचं आधीचं रूप) भरपूर बनतं, पण सगळं पेशीतल्या न विरघळणाऱ्या प्रथिनाच्या गोळ्यांत (इन्क्लुजन बॉडीज). पुढे काय?

उत्तर १: अपेक्षितच आहे. पेशीतलं वातावरण क्षपणकारी (रिड्युसिंग) असतं, तिथे प्रोइन्सुलिनचे ३ डायसल्फाइड बंध (गंधकाच्या दोन अणूंमधले जोड) जुळत नाहीत. पेशी फोडा, सेंट्रिफ्यूज करा, गोळे धुऊन ८ मोलर युरिया आणि डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन) यांत विरघळवा. युरिया ताजा हवा, तापवू नका; सायनेट तयार होऊन प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लाला चिकटतं.

उत्तर २: खरी गोची प्रथिनाची घडी (त्याचा योग्य आकार) परत बसवताना होते. द्रावण दाट असलं की रेणू एकमेकांना चिकटून गाळ बसतो. ०.१ मिग्रॅ/मिलिच्या आसपास पातळ करा, थंड ठेवा, डायसल्फाइड बंध नीट जुळावेत म्हणून सिस्टीन-सिस्टाइन घाला. टाकी मोठी लागते, इलाज नाही.

उत्तर ३: मग ट्रिप्सिन आणि कार्बॉक्सिपेप्टिडेज-बी या प्रथिन कापणाऱ्या विकरांनी सी-पेप्टाइड (प्रोइन्सुलिनमधला नको असलेला मधला तुकडा) काढा. ट्रिप्सिन जास्त वेळ राहिलं तर इन्सुलिनच्या बी-साखळीचं टोकही तुटतं.