मदत हवी आहे : बर्थ बॉल (गरोदरपणात बसायचा हवेचा मोठा बॉल) ५५ सेंमीचा घेऊ की ६५चाच चालवू?

३४वा आठवडा चालूय, कंबर आणि माकडहाड इतकं धरतंय की खुर्चीत नीट बसवतच नाही. डॉक्टर बॉलला हो म्हणाल्यात, बीपी शुगर नॉर्मल, वार (प्लॅसेंटा) वर आहे, त्यामुळे ते विचारू नका. सोलापुरात नवी पेठेत ६५ सेंमीचाच मिळाला, माझी उंची ५ फूट १ इंच. फुल हवा भरली की टाचा उचलल्या जातात, हवा कमी केली तर बॉल एवढा दबतो की गुडघे कमरेच्या वर येतात आणि नेमकं तेच नको असतं ना. फरशीवर सरकतो म्हणून खाली चादर घातली तर चादरीसकट सरकला (सोलापुरी असली म्हणून काय झालं), आता योगा मॅट टाकून भिंतीला लावून बसते आणि नवऱ्याला मागं उभं करते. गुडघ्यांवर बसून बॉलला मिठी मारून पुढं झुकलं की मात्र खरंच बरं वाटतं, त्याला ६५चा चालतो.

विजापूर रोड, जुळे सोलापूरकडं ५५चा कुठं मिळेल? ऑनलाइन नको, हातात बघूनच घ्यायचाय. आणि सोलापुरात डिलिव्हरी झालेल्यांनो, लेबर रूममध्ये स्वतःचा बॉल नेऊ दिला का, की कळा वाढेपर्यंत घरीच वापरलात?