फ्लॅटमागे मीटर लावला की पाणी वाचतं?

बी_विंग_खजिनदार
काल इथे एकाने लिहिलं, प्रत्येक फ्लॅटला स्मार्ट मीटर लावा, रोजचे लिटर मोबाईलवर दिसले की लोक आपोआप सुधारतात, आणि शाळेत पोरांना पाण्याचं ॲप दिलं की पुढची पिढी पण सुधारली. वाचून डोकंच फिरलं. अहो, सोसायटीच्या गच्चीवर कधी चढलायत का? आमच्याकडे पुण्यात ८४ फ्लॅट, आणि प्रत्येकाला गच्चीवरनं तीन लाइनी उतरतात, एक किचनची, दोन बाथरूमच्या. म्हणजे मीटर ८४ नाही, २५२ लागतात, त्यातले बरेचसे डक्टमध्ये, जिथे प्लंबर दोरी बांधून उतरतो. मार्चपासून टँकर चालू होतात, त्याच्या गाळाने मीटर जॅम होणार, बॅटऱ्या संपणार, ते सगळं बघणार कोण? मेंटेनन्सच्या थकबाकीचा मेसेज लोक उघडत नाहीत, ते रोज लिटर बघतील?

सकाळचा_चहा
दादा, तुमचा राग कळतो, पण आमच्याकडे मीटर बसले म्हणूनच गळती सापडली. माणशी १३५ लिटरचा निकष धरला तर चौघांचे ५४० व्हायला हवेत, आमचे रोज ८००च्या वर. बायको मला बोलायची, मी मुलाला. शेवटी रात्री सगळे नळ बंद करून टॉर्च घेऊन मीटरपाशी उभा राहिलो, तर डायलवरची ती छोटी लाल चांदणी सावकाश फिरतच होती. फ्लशच्या टाकीत जिलबीचा खायचा रंग टाकला, वीस मिनिटांनी कमोडमध्ये केशरी धार. आवाज नाही, काही नाही. आतलं रबर कडक झालं होतं, किरकोळ पैशात नवीन आलं. हे नुसत्या उपदेशाने सापडलं असतं का?

सातवी_ब_च्या_बाई
मुलांच्या ॲपवर दोघंही बोलला नाहीत म्हणून लिहिते. आमच्या मुलांनी आधी पाऊस मोजला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पडला तर एक लिटर, हे फळ्यावर दहा वेळा सांगून कळत नव्हतं. शाळेचं छप्पर टेपने मोजलं, १२० चौरस मीटर भरलं, १० मिमी पाऊस म्हणजे १२०० लिटर, तेव्हा वर्ग गप्प झाला. मग घरून आकडे आणायला सांगितले. एका मुलीने आरओ फिल्टरच्या वाया जाणाऱ्या पाण्याच्या नळीखाली बादली लावली: एक लिटर प्यायचं, जवळजवळ तीन लिटर मोरीत.

नळाचंच_पितो
बाईंनी बरोबर जागी बोट ठेवलं! मीटर राहू द्या, आधी हे आरओ काढा. आमच्याकडे विक्रेता आला होता, ग्लासात दोन सळ्या बुडवून करंट दिला, पाणी तपकिरी झालं, आईचा चेहरा पडला. अहो ती लोखंडी सळी झिजून गंज उतरतो, पाणी घाण नसतं! १४ हजाराला गंडवलं. आमच्या नळाचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला ९० मिलिग्रॅम, पिण्याला ५०० पर्यंत चालतो, त्याच्या खाली आरओ नको असं हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलंय. तरी घरोघरी मशीन.

टँकरवाली_वाघोली
ज्यांच्या नळाला धरणाचं पाणी येतं त्यांनी आम्हाला शिकवू नये. आमच्याकडे वर्षभर टँकर, बोअरचं पाणी, टीडीएस ११०० च्या वर. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर इतका की चमच्याने खरवडते. सासऱ्यांना दोनदा मुतखडा झाला. आरओ काढा म्हणे! या, आठवडाभर पिऊन दाखवा.

नळाचंच_पितो
तुमच्यासाठी नव्हतं ते ताई. ११०० असेल तर लागेल, मान्य. पण आमच्या बिल्डिंगमध्ये ९० ला मशीन लावणाऱ्यांचं काय?

सातवी_ब_च्या_बाई
आणि कृपा करून ९० बघून निर्धास्त होऊ नका. टीडीएस फक्त विरघळलेले क्षार सांगतो, जंतू नाही. गढूळ नळाला उकळणं आलंच. वाया जाणाऱ्या पाण्याने निदान लादी पुसा.

लातूरचा_पोरगा
आरओवरून किती भांडाल? २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वॅगन, ५ लाख लिटर. मी पहाटे तीनला घागरींचा नंबर लावायचो, प्लास्टिकच्या, कडेला नाव कोरलेल्या. घरात आठ घागरी, त्यात किती दिवस काढायचे हे आईला पाठ होतं, तिला ॲप लागलं नाही. खरं मोजणं बघायचं तर नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात बघा. पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पाणी कमी असेल तर रब्बीत काय पेरायचं ते सगळे मिळून ठरवतात. शेतीला बोअर नाही, ऊस नाही. तुमच्या ॲपवर आकडा दिसल्यावर तुमची सोसायटी काय ठरवते ते सांगा!

बी_विंग_खजिनदार
हे पटलं. आकडा एकट्याच्या मोबाईलवर पडून उपयोग नाही, मीटिंगमध्ये यायला हवा. २५२ मीटरला माझा विरोध कायम आहे. पण गच्चीच्या टाक्यांना प्रत्येक विंगला एक असे चार मीटर बसवता येतील, वाचमन रात्री बाराला आणि पहाटे चारला वहीत आकडे लिहील, त्या वेळात जास्त फिरलं तर त्या विंगमध्ये गळती आहे. येत्या रविवारी मांडतो.

जिलबीचा रंग मी पण टाकून बघितला आत्ता. मास्टर बेडरूमचा कमोड केशरी आहे.